बालकांची सनद : वेस्टमिन्स्टर ते उमरखाडी

प्रस्तुत पुस्तकातील मागील प्रकरणांत ब्रिटनमधील बालकल्याणविषयक कायद्यांचा जो इतिहास येऊन गेला, तो मराठी वाचकाला कदाचित दूरचा वाटेल. मूळ लेखकाने आपल्या वाचकासाठी लिहिले होते, आणि त्या वाचकाला मुंबईतील गिरणगाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या कायद्यांची ती कथा आहे, त्यांच्या प्रती याच शतकाच्या तिसऱ्या दशकात मद्रास, कलकत्ता व मुंबई येथे उतरल्या, आणि त्यांतील मुंबईच्या प्रतीशी मराठी समाजाचा फार निकटचा संबंध आला. अनुवाद करीत असताना हा धागा सुटू नये असे वाटले. म्हणून हे पुरवणी प्रकरण जोडले आहे. त्यातील मतांची जबाबदारी अर्थातच अनुवादकाची आहे. येथे व पुढेही 'शतक' म्हणजे विसावे शतक असे समजावे.

प्रथम ब्रिटनमधील घटनाक्रम थोडक्यात आठवून घेऊ. १८९९ ते १९०२ या काळातील बोअर युद्धात सैन्यभरतीसाठी आलेले शहरी तरुण मोठ्या संख्येने अपात्र ठरले. खुजे, छाती न भरलेले, दात किडलेले असे हे तरुण पाहून राज्यकर्ते हादरले. १९०१ मध्ये सीबोम राउंट्री याने यॉर्क शहरातील दारिद्र्याची पाहणी प्रसिद्ध केली होती. १९०४ मध्ये लोकांच्या शारीरिक ऱ्हासाची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल आला. पुढे लिबरल पक्ष सत्तेवर आला, आणि १९०६ मध्ये शाळेत मुलांना जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना देणारा कायदा झाला. १९०७ मध्ये शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. १९०८ मध्ये बालकांचा विस्तृत कायदा आला. तो पार्लमेंटातून पार नेण्याचे श्रम गृहखात्याचे तरुण उपमंत्री हर्बर्ट सॅम्युएल यांचे. लोकांनी या कायद्याला 'बालकांची सनद' असे नाव दिले. चौदा वर्षांखालील मुलाला तुरुंगात पाठवावयाचे नाही, सोळा वर्षांखालील कोणालाही फाशी द्यावयाची नाही, मुलांचे खटले मोठ्यांच्या न्यायालयापासून वेगळे चालवावयाचे, ही त्यातील ठळक तत्त्वे. त्याच कायद्यात असेही एक कलम होते की, घरातील उघड्या शेगडीला कठडा नसल्यामुळे सात वर्षांखालील मूल भाजून मेले किंवा गंभीर जखमी झाले, तर पालकाला दंड व्हावा. हे कलम मराठीत उतरविताना क्षणभर लेखणी थांबली. दहा बाय दहाच्या खोलीत, चुलीच्या हातभर अंतरावर पाळणा टांगणाऱ्या आईला कठड्याचे कलम कोणी कसे समजावून सांगितले असते?

या सुधारणांमागे निखळ दया होती असे मानण्याचे कारण नाही. साम्राज्याला सैनिक हवे होते व कारखान्यांना धडधाकट कामगार. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे. इंग्लंडात १९०८ चा कायदा आला तेव्हा शाळा आधीच आलेली होती. १८८० मध्ये दहा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे झाले होते व १८९१ पासून ते बहुतांशी विनामूल्य होते. मूल रोज सकाळी कोठे असते हे सरकारला ठाऊक होते. जेवण त्याच ठिकाणी देता आले, डॉक्टर त्याच ठिकाणी पाठविता आला. न्यायालय ही या व्यवस्थेची शेवटची पायरी होती.

हिंदुस्थानात ही पायरी आधी बांधली गेली आणि जिना मागाहून.

मुंबईतील मुलांविषयी सरकारला पहिली जाग आली ती गिरण्यांमुळे. १८७५ मध्ये मुंबईच्या कारखान्यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला गेला. त्यापुढे आठ-आठ वर्षांची मुले गिरणीत राबत असल्याची साक्ष झाली. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी कायद्यासाठी आग्रह धरला. लँकेशायरच्या गिरणीमालकांनीही धरला. परंतु त्यांना मुंबईच्या मुलांपेक्षा मुंबईच्या स्वस्त सुताची चिंता अधिक होती. या दोन भिन्न हेतूंच्या संगमातून १८८१ चा कारखाना कायदा जन्मला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांच्या कामाचे तास नऊ केले. नऊ तास ही सवलत होती, हे वाचकाने ध्यानात घ्यावे. शिवाय हा कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या व शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. 'दीनबंधू' पत्रातून त्यांनी हा प्रश्न सतत जागता ठेवला. १८९१ मध्ये कायदा सुधारला गेला : नऊ वर्षांखालील मुलांना बंदी, नऊ ते चौदा वयाच्या मुलांना सात तास, आणि आठवड्यातून एक सुटी. १९११ मध्ये कापड गिरण्यांतील मुलांचे तास सहावर आले व १९२२ मध्ये किमान वय बारा झाले.

कागदावर ही चढती कमान दिसते. परंतु या सर्व कलमांचा जीव एका प्रश्नात अडकलेला होता : समोर उभ्या असलेल्या मुलाचे वय किती?

जन्माची नोंद नाही, शाळेचा दाखला नाही. आई सांगते ते वय 'प्लेगच्या आदल्या साली' किंवा 'मोठ्या पावसात' असे. अशा स्थितीत कायद्याने हा निर्णय डॉक्टरवर सोपविला. डॉक्टर दात पाही, उंची पाही, अंगलट पाही आणि दाखला देई. उपाशी मूल आपल्या वयापेक्षा लहान दिसते; म्हणजे अकरा वर्षांचे मूल नऊ वर्षांचे ठरण्याचा संभव. उलट मुकादमाला भरती करावयाची असली आणि आईबापांना चार पैसे हवे असले, तर आठ वर्षांचे मूलही नऊचे होई. अर्धवेळ काम करणाऱ्या मुलांना गिरणीच्या बोलीत 'हाफटायमर' म्हणत. हा शब्द इंग्लंडातून आला होता, कारण लँकेशायरमध्येही अर्धा दिवस शाळा व अर्धा दिवस गिरणी अशी पद्धत होती व ती १९१८ च्या शिक्षण कायद्याने संपविली जाईपर्यंत चालू राहिली. आपल्याकडे फरक एवढाच की, उरलेल्या अर्ध्या दिवसात शाळा नव्हती. अहमदाबादेत काही मुले दोन निरनिराळ्या नावांचे दोन दाखले मिळवून सकाळी एका गिरणीत व दुपारी दुसऱ्या गिरणीत काम करीत असल्याचे उघडकीस आले होते. सहा तासांची मर्यादा प्रत्येक गिरणीने पाळली होती. मूल मात्र बारा तास राबत होते. कायदा मोडला कोणी, असे विचारले तर बोट त्या मुलाकडेच जावे, अशी ही रचना होती.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी या गुंत्याचे मूळ नेमके ओळखले होते. मूल गिरणीबाहेर ठेवावयाचे तर त्याला शाळेत बसविले पाहिजे, हा त्यांचा साधा विचार. १९११ मध्ये त्यांनी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते किती सौम्य होते हे पाहण्यासारखे आहे : सहा ते दहा वयाच्या मुलग्यांपुरती सक्ती, तीही ज्या स्थानिक संस्थेला हवी असेल तिलाच, आणि जेथे ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच. तरीही मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. ब्रिटनमधील सरकार शाळकरी मुलाच्या जेवणाची व औषधाची तरतूद करीत असताना त्याच सरकारचे हिंदुस्थानातील प्रतिनिधी त्याला पाटीपुस्तक देण्यासही पैसा नाही असे सांगत होते. संस्थानांत मात्र निराळे चित्र होते. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये सर्व राज्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये नगरपालिकांना सक्ती करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. अधिकार मिळाला, परंतु तो वापरण्यासाठी लागणारा पैसा ज्याच्या त्याच्या ऐपतीवर राहिला.

आता गुन्ह्याच्या बाजूकडे वळू. १८६० च्या दंडसंहितेने सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा मानले नाही, आणि सात ते बारा या वयात मुलाची समज पाहावी असे सांगितले. त्यापुढील मूल साधारणपणे मोठ्या माणसासारखेच न्यायालयात उभे राही. मुंबईत मुलांच्या सुधारशाळेचा प्रयत्न मात्र फार जुना आहे. डॉ. जॉर्ज ब्यूस्ट यांनी १८५० मध्ये एक उद्योगशाळा सुरू केली व पुढे डेव्हिड ससून यांच्या देणगीतून तिला स्थैर्य आले. ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. १८७६ चा सुधारशाळांचा कायदा व त्याच्या जागी आलेला १८९७ चा कायदा यांनी पंधरा वर्षांखालील मुलाला तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षे सुधारशाळेत ठेवण्याची सोय केली. येरवड्याची शाळा याच मालिकेतील. यातील 'मुलाला' हा शब्द अक्षरशः घ्यावयाचा आहे. १८९७ च्या कायद्याच्या व्याख्येत फक्त मुलगेच होते. मुलगी गुन्ह्यात सापडली तर तिच्यासाठी त्यात जागा नव्हती. आणि जेथे सुधारशाळा नसे, तेथे दंडाधिकाऱ्यापुढे वेताचा पर्याय असेच. सोळा वर्षांखालील मुलाला पंधरापर्यंत फटके मारण्याची तरतूद फौजदारी कायद्यात होती, आणि फटक्यांची शिक्षा आपल्या देशातून गेली ती १९५५ मध्ये.

१९१९-२० मध्ये अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखाली तुरुंग समितीने देशभर पाहणी केली. मुलांना तुरुंगात पाठविणे म्हणजे त्यांना गुन्हेगारीची दीक्षा देणे होय, असा तिचा रोख होता. मुलांसाठी वेगळी न्यायालये व वेगळ्या संस्था असाव्यात अशी तिने शिफारस केली. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये व मुंबईने १९२४ मध्ये आपापले बालक कायदे केले. तिन्हींचा सांगाडा १९०८ च्या इंग्रजी कायद्याचा. भीक मागताना सापडलेले, बेवारस भटकणारे, चोरांच्या किंवा वेश्यांच्या संगतीत वाढणारे, आईबाप असूनही नसल्यासारखे असलेले मूल, अशा सर्वांना न्यायालयापुढे आणता येई. तेथून त्यांना प्रमाणित शाळेत अथवा एखाद्या 'योग्य व्यक्ती'च्या स्वाधीन करता येई. हा 'योग्य व्यक्ती' शब्दप्रयोग मूळ इंग्रजी कायद्याचाच तंतोतंत अनुवाद आहे. योग्य कोण, हे न्यायालयाने ठरवावयाचे. आपल्याकडे अनाथ मुलाला सांभाळणारे मामा-मावशी, शेजारी आणि गाववाले होते. त्यांना कायद्याने हे नवे बिरुद दिले, किंवा क्वचित काढून घेतले.

कायदा १९२४ चा असला, तरी मुंबई शहरात तो प्रत्यक्ष कामाला लागला १९२७ मध्ये. त्याच वर्षी चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली व बालन्यायालय सुरू झाले. सरकारी अनुदान व नागरिकांच्या देणग्या यांवर चालणारी ही संस्था न्यायालयाने पाठविलेल्या मुलांचा सांभाळ करू लागली. मुलाच्या घरची चौकशी करून न्यायालयाला अहवाल देणारा प्रोबेशन अधिकारी हा या व्यवस्थेतील खरा नवा माणूस. चौकशीत तो विचारी : घरात माणसे किती, मिळवणारे किती, मूल शाळेत जाते का, बाप कोठे आहे? मुलाचा गुन्हा समजण्याआधी त्याचे घर समजून घ्यावे, ही कल्पना आपल्या न्यायव्यवस्थेत याच वाटेने शिरली, आणि या कायद्याचे सर्वांत मोठे देणे कोणते असे विचारल्यास मी हेच सांगेन.

या मुलांना ठेवण्याची जागा कोणती मिळाली, हे पाहिले म्हणजे मात्र मन खट्टू होते. डोंगरीजवळच्या उमरखाडी येथील जुना तुरुंग हेच मुलांचे निरीक्षणगृह झाले. मराठी वाचकाला हा तुरुंग चांगला परिचित आहे. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना १८८२ मध्ये येथेच ठेवले होते आणि त्या एकशे एक दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले. मुलांना तुरुंगातून सोडविण्यासाठी केलेला कायदा अखेर तुरुंगाच्याच भिंतीआड राहावयास आला. काटकसर हे त्याचे कारण असणार. दुसरे कारण शोधण्याची गरज नाही. लोकांच्या भाषेने ही विसंगती बरोबर टिपली. 'निरीक्षणगृह', 'अभिरक्षणगृह' हे शब्द कोशात राहिले. घरोघर रुळला तो 'रिमांड होम', आणि तोही खोडकर पोराला घालावयाच्या धाकाचा शब्द म्हणून.

न्यायालयापर्यंत न पोचणाऱ्या तान्ह्या मुलांचे काय? १९२१ मध्ये मुंबई शहरात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे सहाशेहून अधिक मुले वर्ष पुरे होण्याआधी दगावल्याची नोंद आहे. या आकड्याबाबत एक सावधगिरी हवी : पुष्कळ गिरणीकामगार स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात व देशावर गावी जात, जन्माची नोंद तिकडे होई आणि मूल परत आल्यावर मृत्यूची नोंद मुंबईत होई. त्यामुळे प्रमाण फुगलेले आहे. ती फूग काढून टाकली तरी जे उरते ते भयंकरच आहे. १९२२ च्या सुमारास मुंबई सरकारने एका स्त्री-डॉक्टरकडून गिरणीतील बाळंतिणींची पाहणी करविली. तीत आढळले की, कामावर जाणाऱ्या बहुसंख्य आया मुलाला अफू घालून निजवीत. अफूची ही बारीक गोळी बाजारात 'बाळगोळी' नावाने मिळे. नाव किती प्रेमळ! आईला दोष देणे सोपे होते आणि काहींनी तो दिलाही. परंतु सकाळच्या भोंग्याला ती हजर झाली नाही तर रोज बुडे, आणि खोलीत मुलाजवळ बसणारे दुसरे माणूस नसे. दिल्लीत त्याच सुमारास व्हाइसरॉयच्या पत्नीच्या पुढाकाराने बालसप्ताह साजरा झाला. प्रदर्शने, तक्ते, गुटगुटीत बाळांच्या स्पर्धा असा तो थाट होता. गिरणगावातील आईला तक्त्यापेक्षा रजेची गरज होती. ती मिळण्याची वाट १९२९ च्या मुंबई प्रसूति-लाभ कायद्याने मोकळी केली. आदल्या वर्षी कायदेमंडळात त्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी मातेला प्रसूतीच्या आगेमागे विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका मांडली होती. बालकल्याणाच्या इतिहासात हा कायदा सहसा मोजला जात नाही. तो मोजला पाहिजे.

तिसऱ्या दशकाच्या अखेरीस व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक शाही आयोग आला. ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. १९३१ च्या अहवालाने गिरण्यांच्या बाहेरचे जग उजेडात आणले : विड्या वळणारी, गालिचे विणणारी लहान मुले, आणि आईबापांनी घेतलेल्या उचलीपोटी गहाण पडलेले त्यांचे श्रम. कारखाना कायद्यातून पळालेले मूल या अंधाऱ्या खोल्यांत जाऊन बसले होते. १९३३ मध्ये मुलाचे श्रम गहाण टाकण्याचे करार रद्दबातल ठरविणारा कायदा झाला. त्यात बापाला पन्नास रुपयांपर्यंत व मालकाला दोनशे रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. कर्ज फेडण्यासाठी मूल गहाण ठेवणाऱ्याने पन्नास रुपये कोठून आणावेत, याचा विचार मसुदा लिहिणाराने केला होता किंवा काय, कोण जाणे.

स्वातंत्र्यानंतरचा वृत्तांत येथे विस्ताराने देण्याचे प्रयोजन नाही. मुंबईने १९४८ मध्ये नवा बालक कायदा केला. केंद्रशासित प्रदेशांसाठी, म्हणून दिल्लीसाठीही, १९६० मध्ये कायदा झाला. त्यात निराधार मुलांसाठी कल्याण मंडळ व गुन्हा केलेल्या मुलांसाठी न्यायालय अशी फोड केली गेली. कायदे निरनिराळे, अंमल निरनिराळा, आणि अनेक ठिकाणी मुले तुरुंगातच. पत्रकार शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १९८६ मध्ये साऱ्या देशासाठी एक कायदा झाला. शाळेतील जेवणाची देशव्यापी योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, म्हणजे ब्रिटनच्या कायद्यानंतर एकोणनव्वद वर्षांनी. आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांच्या शिक्षणाचा हक्क १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

२००० च्या कायद्याने 'बालगुन्हेगार' हा शब्द टाकून 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असा भारदस्त पर्याय आणला, आणि मुलगा-मुलगी दोघांसाठीही अठरा वर्षे ही मर्यादा घातली. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर ही मर्यादा पुन्हा वादात आली. त्या गुन्ह्यातील एक आरोपी अठरा वर्षांखालील होता. २०१५ च्या कायद्याने अत्यंत गंभीर गुन्ह्यांत सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालविता येईल काय, हे तपासण्याची वाट ठेवली. त्यामुळे वय ठरविणे आज पूर्वीपेक्षाही निर्णायक झाले आहे. कायदा सांगतो : प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र पाहावे, ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि यांपैकी काहीच नसेल तर मुलाला डॉक्टरकडे पाठवावे. डॉक्टर त्याच्या हाडांची वाढ पाहतो आणि वय सांगतो. त्या अंदाजात वर्ष-दोन वर्षांचा फरक पडू शकतो हे वैद्यकशास्त्राला मान्य आहे. ज्याच्याजवळ शाळेचा दाखला नाही असे मूलच बहुधा या टेबलापर्यंत पोचते.